पंपघरातल्या लाल दिव्याबाबत

माझे नाव हवालदारांनी पहिल्या पानावर ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे, ते बरोबर आहे. वय एकोणपन्नास. कामधंदा, कारखाने, गोदामे, पाणीपुरवठ्याची ठिकाणे अशा जागी कॅमेरे बसवणे आणि त्यांचे चित्र नेटवर्कवर आणून देणे. राहणार, बाजारामागच्या गल्लीतील इमारत, तिसरा मजला, जिन्यालगतची खोली. पाणीपुरवठा विभागाने दिलेल्या तक्रारीवरून मला आज बोलावण्यात आले. विचारले त्याप्रमाणे समोर बसून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आईसोबत राहत होतो. आई मागील वर्षी वारली. बहीण आहे, ती लांब असते, वर्षातून एकदोन वेळा फोन होतो. लग्न केलेले नाही. कामावर मदतनीस ठेवलेला नाही. तक्रारीत म्हटलेला लॅपटॉप माझा आहे. तो माझ्याशिवाय आणखी कोण वापरते असे विचारले. कोणी नाही. घरात कोण कोण असते असे विचारले. मी.

विभागाचे पंपघर शहराबाहेर तलावाच्या काठावर आहे. शेवटचा बराच रस्ता कच्चा आहे आणि त्या रस्त्यावर दुसरी वस्ती नाही. तेथे चार जुने कॅमेरे आहेत. त्यांचे चित्र जाड केबलमधून पंपचालकाच्या खोलीतील लहान टीव्हीवर येत असे. त्यापुढे ते कोठे जात नसे. ते शहरातील कार्यालयात दिसावे म्हणून एन्कोडर बसवण्याचे काम मला मिळाले. एन्कोडर म्हणजे काय असे हवालदारांनी विचारले. ती तळहाताहून थोडी मोठी अशी लोखंडी पेटी असते. जुन्या कॅमेऱ्यांच्या केबली एका बाजूने आत जातात, दुसऱ्या बाजूने चित्र नेटवर्कवर पडते आणि पाहिजे तेथे पाहता येते. कॅमेरे तेच राहतात. बघणारा लांब बसू शकतो, एवढाच फरक.

पंपघरात पूर्वी पाळीपाळीने तीन पंपचालक असत. दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही. मी गेलो तेव्हा एकच होते. विभागात सगळे त्यांना पंपवाले काका म्हणतात, मीही तसेच म्हणत आलो. वय साठीला टेकलेले, उंच, खांद्यात वाकलेले. पंपघराला लागून एक खोली आहे तिथेच ते राहत. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही, एक पुतण्या आहे. आठवड्यातून एकदा विभागाची गाडी सामान टाकून जाई. ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, असे काका म्हणाले होते.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा काका कुलूप घेऊन उभेच होते. म्हणाले, "कॅमेरेवाले ना? या, या. कालपासून वाट बघतोय." मी म्हणालो की काम आजचेच ठरले होते. ते म्हणाले, "ठरलं आजचंच होतं हो. मी आपला कालपासून बघतोय."

त्यांनी मला टीव्ही दाखवला. पडद्याचे चार भाग होते. फाटक, तलावाकडील बाजू, पंपांचा हॉल आणि मागची भिंत. हॉलचे चित्र तीन नंबरचे. काका म्हणाले, "इतकी वर्षं मी ह्याच्यात मलाच बघतोय. एकच नट, एकच सिनेमा. मध्ये दुसरं कोणी दिसलं तर मीच दचकायचो." चित्रावरून काळे पट्टे वर सरकत होते. ते अर्थिंगच्या वायरच्या दोषामुळे येतात. मी केबलच्या तोंडाशी एक छोटा जोड टाकून ते घालवले. काका बराच वेळ टीव्हीजवळ उभे राहिले. म्हणाले, "मला वाटायचं टीव्ही म्हातारा झाला. म्हणून मी त्याला काही बोलत नव्हतो."

एन्कोडर मी हॉलमधील विजेच्या पॅनेलमध्ये बसवला. हे पॅनेल वरच्या कठड्यावर आहे. तेथून लोखंडी जिना खाली पंपांकडे उतरतो. चारही केबली जोडल्या, पेटीला नेटवर्कवरचा पत्ता दिला, सिमकार्डावर चालणारा राउटर लावला. तेथे मोबाईलची रेंज कमी असल्याने चित्राचा वेग उतरवावा लागला. त्यामुळे माणूस चालताना सलग दिसत नाही, टप्प्याटप्प्याने पुढे सरकलेला दिसतो, आणि दिसते तेही दोनतीन सेकंदांपूर्वीचे असते. आवाज नाही. जुन्या कॅमेऱ्यांना माइक नसतात. काकांनी विचारले, "मग तिकडून कोणी हाक मारली तर?" मी सांगितले की हाक मारता येणार नाही. फक्त पेटीला एक जादा तोंड असते, त्यावरून लांबूनच घंटा किंवा दिवा चालू करता येतो. ते तपासण्यासाठी पॅनेलवरील जुना लाल दिवा मी त्याला जोडला. लॅपटॉपवर बटण दाबले, दिवा लागला. काकांनी मला तीनदा लावायला लावला.

सदर दिवा कोणाच्या परवानगीने जोडला असे विचारले. कामाच्या कागदात "बाहेर जाणारा सिग्नल तपासणे" असे कलम होते. तपासून झाल्यावर दिवा सोडवा असे कोठे लिहिलेले नव्हते. मी सोडवला नाही.

चहा पिताना काकांनी विचारले, "म्हणजे आता तिकडे माणूस बसणार? खराखुरा?" मला माहीत नव्हते म्हणून मी त्यांच्यासमोरच उपअभियंता साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "हो, चोवीस तास माणूस असणार. त्यासाठीच तर चाललंय सगळं." मी काकांना तसे सांगितले. काम दुसऱ्या दिवसावर गेले होते. दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ते स्वतःच म्हणाले, "तिकडे बाई असली तर? उगाच आपलं गबाळं ध्यान नको."

निघताना त्यांनी फाटकाला कुलूप लावले आणि आतूनच म्हणाले, "येत चला." मी हो म्हणालो. त्यानंतर मी तेथे एकदाच गेलो, त्याबद्दल पुढे सांगतो.

त्याच आठवड्यात मी शहरातील कार्यालयात पडदा लावायला गेलो. तळमजल्यावर एका खोलीवर "कंट्रोल रूम" अशी पाटी होती. आत एक टेबल, एक फोन आणि एक खुर्ची. खुर्चीवरचे प्लास्टिक काढलेले नव्हते. मी चित्र पडद्यावर आणून दिले. शिपायाला विचारले की बसणारे कोण आहेत. तो म्हणाला, "पद मंजूर व्हायचंय. झालं की येईल कोणीतरी. आलं की बसेल." मी वर जाऊन साहेबांना तसे बोललो. साहेब म्हणाले, "ते आमचं आम्ही बघू. तुमचं काम चित्र इथपर्यंत आणायचं. आलं ना?" मी हो म्हणालो. हे मी काकांना फोनवर कळवले का असे विचारले. नाही. लवकरच कोणी येईल असे मी धरून चाललो होतो.

काम झाल्यावर काही दिवस चित्र नीट येते की नाही यावर लक्ष ठेवायचे असा नियम होता. त्यासाठी विभागाने मला माझ्या लॅपटॉपवरून आत जाण्याची परवानगी दिली होती. मी सकाळी चहाच्या वेळी लॅपटॉप उघडत असे. माझ्या जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो, लॅपटॉप समोर ठेवतो.

पहिल्या सकाळी तीन नंबरच्या चित्रात काका आले. पंपांचे आकडे पाहिले, वरच्या कठड्यावरील काळ्या फळ्यावर खडूने लिहिले, मग कॅमेऱ्याकडे वळून हात वर केला. मी काही केले नाही. ते थोडे थांबले आणि गेले. दुसऱ्या सकाळीही तसेच. तिसऱ्या सकाळी त्यांनी हात वर केला तेव्हा मी दिवा लावला आणि विझवला. काकांनी आधी पॅनेलकडे पाहिले, मग मागे वळून दाराकडे पाहिले, मग कॅमेऱ्याकडे. आवाज येत नव्हता, पण ते हसले हे दिसले.

त्यानंतर हे रोज होऊ लागले. काकांनी फळ्याचा एक कोपरा त्यासाठी ठेवला. त्यावर प्रथम लिहिले, "एकदा हो, दोनदा नाही." मी एकदा दिवा लावला. मग लिहिले, "बाई आहात का?" मी दोनदा लावला. त्यांनी खडू हातात धरून थोडा विचार केला आणि लिहिले, "हरकत नाही."

पुढे ते रोज काही ना काही विचारत. चहा झाला का. बरे आहे का. तिकडे उकडते का. नवीन आहात का. एकदा त्यांनी दुरुस्त केलेले जुने भिंतीवरचे घड्याळ आणून कॅमेऱ्यासमोर धरले, मग काटे फिरताना दिसावेत म्हणून तसेच धरून उभे राहिले. माझ्याकडे चित्र टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे काटे उडी मारून पुढे जाताना दिसले. मी दिवा लावला. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी पुन्हा पाहत असे. ते हॉलमध्येच ताट घेऊन बसत, पंपांच्या बाजूला, कॅमेऱ्यासमोर. पूर्वी ते खोलीत जेवत असत, हे मी काम करताना पाहिले होते. मीही त्याच वेळी जेवायला बसू लागलो. आई गेल्यापासून मी बहुधा ओट्याशी उभ्यानेच जेवत होतो.

आपण कंट्रोल रूममधून बोलत आहोत असे तुम्ही भासवले का, असे विचारले. काकांनी एकदा फळ्यावर लिहिले होते, "साहेब का?" मी दोनदा दिवा लावला. मग लिहिले, "कंट्रोलवाले ना?" मी एकदा लावला. असे का केले असे विचारले. दिव्याने दुसरे काही सांगता येत नव्हते. फोन होता, हे खरे आहे. फोन केला नाही.

लक्ष ठेवण्याची मुदत संपली. विभागाच्या लिपिकांचा मेल आला की काम ताब्यात घेतले आहे, आता आपला प्रवेश आपणच बंद करून तसे कळवावे. मी तो वाचला. दोन मिनिटांचे काम होते. उद्या करू म्हटले. दुसऱ्या दिवशीही उद्या करू म्हटले. विभागाकडूनही नंतर कोणी विचारले नाही. तक्रारीत विनापरवाना प्रवेश असे जे म्हटले आहे ते या काळाबद्दल आहे, आणि ते बरोबर आहे.

घटनेच्या दिवशी सुटी होती. मला मात्र दुसऱ्या गावी एका शीतगृहात काम होते. गाडी पहाटेची असल्याने सकाळी लॅपटॉप उघडला नाही. दिवसभर कामावर होतो. परतलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. हातपाय धुतले, भात लावला आणि लॅपटॉप उघडला.

तीन नंबरच्या चित्रात हॉल रिकामा होता. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले होते, "आज उशीर?"

मला वाटले काका खोलीत असतील. मग जिन्याच्या खालच्या टोकाशी एक पांढरे फडके हलताना दिसले. पंख्याच्या वाऱ्याने हलत असेल असे वाटले. चित्र तुटक येत असल्याने नीट कळत नव्हते. मी चित्र मोठे केले. फडके एका हातात होते. हात जमिनीवरून वर येत होता, दोनतीनदा हलत होता आणि खाली पडत होता. थोड्या वेळाने पुन्हा वर येत होता. बाकीचे अंग जिन्याआड होते.

मी दिवा लावला. दोनतीन सेकंद काही झाले नाही, कारण चित्र तेवढे मागे असते. मग हात वर येता येता थांबला. पॅनेल जिन्याच्या पायथ्यापासून दिसते. मी पुन्हा दिवा लावला. हाताने फडके सोडून दिले आणि तो खाली गेला. मग बोट वर आले, एकच. मी एकदा दिवा लावला. हो, एवढेच मला म्हणता येत होते, म्हणून तेच म्हणत राहिलो.

यानंतर मी केलेले फोन असे. पहिला काकांच्या मोबाईलला. वाजला, उचलला गेला नाही, तो खोलीत चार्जिंगला होता हे नंतर समजले. दुसरा कंट्रोल रूमला. तोही वाजत राहिला. तिसरा उपअभियंता साहेबांना. ते बाहेरगावी होते. मी सांगितले की पंपवाले काका जिन्यावरून पडले आहेत. साहेब म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, मला दिसतंय. ते म्हणाले, "तुम्हाला कसं दिसतंय? पंप चालू आहेत ना? माझ्याकडे सगळं हिरवं दाखवतंय." मी फोन ठेवला. याबद्दल त्यांची जी तक्रार आहे ती बरोबर आहे, मी फोन मध्येच ठेवला.

चौथा फोन रुग्णवाहिकेला. फोनवरच्या ताईंनी विचारले, "पेशंट शुद्धीवर आहे का?" मी आहे म्हणालो. "तुम्ही पेशंटजवळ आहात का?" मी नाही म्हणालो. "मग तुम्हाला कसं कळतंय?" मी म्हणालो, मी घरून बघतोय. त्या म्हणाल्या, "दादा, आपण पेशंटचे कोण?" मी पत्ता सांगितला आणि रस्ता कसा आहे ते सांगितले. फाटक आतून बंद असते हेही सांगितले. तेव्हा मला कळले की फाटक उघडायला मला जावे लागेल.

मी निघालो तर दिवा लावायला कोणी राहणार नव्हते. मोबाईलवरून ते चालत नाही. म्हणून मी पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन दिवा थोड्या थोड्या वेळाने आपोआप लागेल आणि विझेल असे करून ठेवले. त्यामुळे विभागाच्या यंत्रणेत शेकडो नोंदी उमटल्या आणि त्यावरूनच त्यांना बाहेरच्या माणसाचा प्रवेश समजला. असे करण्यामागे यंत्रणेचे नुकसान करण्याचा हेतू होता का असे विचारले. नाही. काकांना कोणीतरी बघत आहे असे वाटावे एवढाच हेतू होता. गॅस बंद करून मी मोटारसायकलवर निघालो. त्या सगळ्या वेळात पडद्यासमोर कोणी नव्हते.

मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका फाटकाबाहेर उभी होती. मागच्या भिंतीकडे तारेचे कुंपण एका ठिकाणी खचलेले आहे, ते मला चार नंबरच्या चित्रावरून माहीत होते. तेथून आत शिरलो, काकांच्या खोलीतून किल्ली घेतली आणि फाटक उघडले. माझ्या उजव्या हाताला टाके आहेत ते तारेचे.

काका जिन्याखाली उताणे होते. एक पाय वाकडा झाला होता. ओठ सुकले होते. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी पाणी द्यायचे नाही, ओठ ओले करा असे सांगितले, ते मी केले. काकांनी मला ओळखले. म्हणाले, "कॅमेरेवाले, तुम्ही? तुम्हाला कंट्रोलवाल्यांनी कळवलं का?"

मी हो म्हणालो.

लाल दिवा वरती लागत होता, विझत होता. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "बघा, अजून बसलाय तो तिकडे. कधीचा धीर देतोय. एक क्षण हलला नाही." मी त्यांचा हात धरला होता. स्ट्रेचर उचलेपर्यंत ते दिव्याकडेच बघत होते. जाताना म्हणाले, "त्याला सांगा, आता बंद कर म्हणावं. मिळालं माणूस." मी वर जाऊन दिव्याची वायर सोडवली.

विभागाच्या यंत्रणेत साठलेले त्या दिवसाचे रेकॉर्डिंग मला येथे दाखवण्यात आले. काका सकाळी फळ्यावर लिहून, थोडे थांबून, जिना उतरताना घसरले असे त्यात दिसते. त्यानंतर ते हात हलवू लागतात. ते रेकॉर्डिंग किती वेळाचे आहे ते फौजदार साहेबांनी सांगितले. मी सुरुवातीचे पाहिले. पुढचे पाहण्याची माझी गरज नाही असे मी सांगितले, त्यांनी बंद केले.

काकांना मी सत्य कधी सांगितले असे विचारले. मांडीच्या वरच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यावर मी रुग्णालयात गेलो. पुतण्या औषधे आणायला खाली गेला होता. काका म्हणाले, "त्या कंट्रोलवाल्याला एकदा भेटायचंय. नाव तरी विचारून ठेवा." मी म्हणालो, "काका, तिकडे कोणी नाहीये. दिवा मी लावत होतो. घरून."

काकांनी विचारले, "पहिल्यापासून?"

मी म्हणालो, "पहिल्यापासून."

"म्हणजे तिकडे माणूस बसलाच नाही?"

"नाही. नुसती खुर्ची आहे."

"मग मी दिवसभर हात हलवत होतो तो…" एवढे बोलून ते थांबले. तोंड भिंतीकडे केले. मी स्टुलावर बसून होतो. जावे असे वाटले, पण पुतण्या येईपर्यंत त्यांच्याजवळ कोणीतरी हवे होते. मग ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी सकाळी कुठे होतात?"

मी म्हणालो, "कामावर गेलो होतो. पहाटेची गाडी होती."

"मी लिहिलं होतं फळ्यावर."

"वाचलं मी. संध्याकाळी."

ते हं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. डोळे पुसले नाहीत. म्हणाले, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. सरकारी माणूस इतक्या लवकर उत्तर देतो का कधी?" ते हसले, हसताना पाय दुखला म्हणून ओरडले, नर्सबाई धावत आल्या आणि मला बाहेर जायला सांगितले. मी दाराशी होतो तेव्हा काका मोठ्याने म्हणाले, "अहो, आधी सांगायचं ना! मी निदान तुमच्यासमोर दाढीचा त्रास तरी वाचवला असता." नर्सबाईंना काही समजले नाही.

काकांची माझ्याविरुद्ध तक्रार आहे का ते मला माहीत नाही, त्यांना विचारावे. विभागाची आहे ती मी वाचली. त्यात लिहिलेल्या गोष्टी घडलेल्या आहेत. हवालदारांच्या समोर बसून मी माझा प्रवेश आज कायमचा बंद केला आणि लॅपटॉप जमा केला. घटनेनंतर कंट्रोल रूममध्ये माणूस नेमला असे समजते. पंपघर आता यंत्रावर चालते, तेथे माणूस ठेवलेला नाही. काकांना पुतण्या आपल्या घरी घेऊन गेला. ते घर येथून लांब आहे. तेथे कॅमेरे वगैरे काही नाहीत.

पुन्हा बोलावणे आले आणि मी सापडलो नाही तर कोणाला कळवावे, असे हवालदारांनी विचारले. मी बहिणीचा नंबर शोधू लागलो, मग थांबलो आणि पुतण्याच्या घरचा नंबर सांगितला, तो मला पाठ आहे. कोणाचा नंबर असे विचारले. मी पंपवाले काका म्हणालो. पुढे नाते लिहायचे होते. हवालदारांनी आपणहून "काका" असे लिहून टाकले.

हा मजकूर हवालदारांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी जे बोललो तेच त्यात उतरले आहे. कोठे काही बदलायचे आहे का असे विचारले. नाही, आहे तसेच राहू द्यावे असे सांगून खाली सही केली आहे.